थोरलीचा खांदा

गोडाऊनमध्ये एकचाकी आली तेव्हा तिथल्या बायका म्हणाल्या, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. थोरली म्हणाली, घोडं परवडलं, ते निदान स्वतःच्या पायांवर उभं राहतं.

यंत्र दिसायला साधं होतं. मधोमध एक जाडजूड चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला दोन पट्ट्या, आत बॅटरी. सीट नाही, हँडल नाही, ब्रेक नाही. पुढे झुकलं की पुढे जायचं, मागे रेललं की थांबायचं. पुढे-मागे तोल यंत्र सांभाळणार, डावी-उजवीकडचा तुमचा तुम्ही बघा. दाखवायला आलेला माणूस त्यावर उभा राहून, हाताची घडी घालून, सगळ्यांना एक चक्कर मारून निघून गेला. शिकवायचं त्याच्या कामात बसत नव्हतं.

थोरली म्हणजे घरातली थोरली सून. तिची धाकटी जाऊही याच गोडाऊनमध्ये, याच विभागात होती, त्यामुळे घरची नावं कामावर आली आणि चिकटली. साहेबसुद्धा त्यांना थोरल्या बाई आणि धाकट्या बाई म्हणायचे. माल म्हणजे यंत्रांचे सुटे भाग. छताला टेकणारे रॅक आणि त्यांच्यामधून लांबच लांब गल्ल्या. हातात स्कॅनर घेऊन फिरायचं आणि खणातला माल लेबलाशी जुळतो का ते बघायचं, हे काम. धाकटीला ही नोकरी थोरलीनंच साहेबांकडे शब्द टाकून मिळवून दिली होती.

थोरलीला ही दिवसभराची पायपीट आवडायची, पण हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. घरात तिला स्वतःचा म्हणून कोपरा नव्हता. न्हाणीघरात गेली तरी दारावर थाप पडायची, "साखर कुठे ठेवलीस?" संसाराचा गाडा दोन चाकांवर चालतो म्हणतात; तिचं दुसरं चाक संध्याकाळी कोचावर आडवं व्हायचं ते जेवायलाच उठायचं. गल्लीत मात्र तिला कुणी हाक मारत नव्हतं. बेअरिंगच्या खोक्यांमधून ती एकटी चालायची, कधी गुणगुणायची, कधी एखाद्याला मनातल्या मनात चांगलं फैलावर घ्यायची आणि हलकी होऊन घरी जायची.

आणि साहेबांनी नेमका त्याच गल्लीवर हात घातला. म्हणाले, शेड वाढली, आता पायी फिरणं परवडत नाही. ज्याला एकचाकी चालवता येईल तो फिरत्या तपासणीवर राहील, बाकीचे शहराबाहेर पॅकिंगला. पॅकिंगला म्हणजे सरकत्या पट्ट्यापुढे दाटीवाटीनं ओळीत उभं राहायचं, आणि मागून सुपरवायझरची कटकट.

सरावासाठी यंत्र पाळीपाळीनं घरी न्यायची मुभा होती. जावा-जावांनी ते दोघींत धरून उचलून आणलं, तसं सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"दोन पायांवर धड चालत नाही तुम्ही, एका चाकावर काय दिवे लावणार?"

इमारतीमागे गाड्या लावायला फरसबंदी जागा होती, तिच्या एका टोकाला भिंत. थोरली भिंत धरून शिकली. पहिले काही दिवस चाक तिच्या नडगीवरच येऊन आदळायचं. नडग्या काळ्यानिळ्या झाल्या, तळपायांत पेटके आले. पायाकडे बघितलं की पडायला होतं, नजर लांब ठेवली की तोल राहतो, हे तिचं तिलाच कळलं. एका संध्याकाळी भिंत सुटली आणि ती सरळ जागेच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्यानं हसली. कोचावरच्या माणसाला तिनं वर जाऊन सांगितलं, तो म्हणाला, "बरं झालं. चहा टाकतेस?"

धाकटीचं काही जमेना. तिला भिंत नको होती, माणूस हवं होतं.

"ताई, खांदा द्या. सोडू नका हं. सोडू नका!"

थोरलीचा खांदा घट्ट धरून ती चाकावर उभी राहायची, आणि थोरली शेजारून धावायची. मग पुढचा प्रकार. धाकटीला पुढे झुकायला शिकवावं लागलं नाही, पण मागे रेलायचं म्हटलं की तिचा जीव वर जायचा, म्हणजे थांबता येत नव्हतं. मग थोरली खांदा सोडवून घेऊन तिच्याही पुढे धावत जायची आणि टोकाला दोन्ही हात पसरून तिला झेलायची. खालच्या मजल्यावरचे लोक खिडकीतून बघून हसायचे. शिकतंय कोण आणि घाम कुणाला फुटतोय, असं एकानं विचारलंही.

खरं सांगायचं तर थोरलीला यात सुख होतं. आपल्यावाचून हिचं पान हलत नाही, हे सुख. ते तिला भोवलं.

महिना सरत आला तेव्हा साहेबांनी दोघींना बोलावलं आणि सांगितलं की तुमच्या विभागात एकच जागा ठेवणार आहोत, चाचणीत जी चांगली जाईल तिला. बसमध्ये दोघी शेजारी बसून आल्या आणि दोघींनीही भाजीच्या गोष्टी केल्या. त्या संध्याकाळी थोरली खाली गेलीच नाही. तिनं उगाच डबे घासायला काढले.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "अगं, ती खाली एकटी धडपडतेय."

"आई, जागा एकच आहे."

"मग? तुला येतंय की सगळं. तुझं काय अडलंय? मोठी आहेस, समजून घे."

या घरात समजून घेणं हे खातं लग्नापासून थोरलीकडेच होतं, त्यावर दुसऱ्या कुणी कधी हक्क सांगितला नव्हता. तिनं हात धुतले आणि ती खाली गेली. जाताना तिच्या मनात एवढंच होतं की, आपल्याला हिच्यापेक्षा चांगलं येतं, दिला खांदा तर काय बिघडणार आहे.

चाचणी गोडाऊनच्या मधल्या रुंद गल्लीत होती. या टोकाला चढायचं, त्या टोकाला मालाच्या शटरपाशी थांबायचं. चढताना आधार घेतला तर चालेल, साहेब म्हणाले. सगळे विभाग बघायला जमले होते. पहिला नंबर धाकटीचा.

धाकटीनं खांदा धरला. यंत्र टिंग करून जागं झालं. दोन-चार हात जाईपर्यंत थोरली बरोबर चालली, मग साहेबांनी खूण केली तशी बाजूला झाली. धाकटी सुटली. बरी चालली होती. गल्लीच्या शेवटी मात्र कुणीतरी लोखंडी ट्रॉली आडवी सोडली होती, ती कुणाच्याच लक्षात आली नव्हती. धाकटीचे हात हवेत फिरायला लागले आणि तिनं किंकाळी फोडली.

"ताई गं!"

थोरली धावली. विचार करायला वेळ कुठे होता, आणि असता तरी ती धावलीच असती. धाकटीला ओलांडून ती ट्रॉलीच्या पुढ्यात गेली, हात पसरले, आणि दोघी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. चाक बाजूला पडून गरगर फिरत राहिलं. धाकटी उठली, कपडे झटकले. थोरली उठायला गेली आणि तिचा डावा पाय जमिनीवर टेकेना. पाऊल चांगलंच मुरगळलं होतं.

साहेब रागावले. "थोरल्या बाई, तुम्हाला मध्ये धावायला कुणी सांगितलं होतं? चाचणी त्यांची आहे. धाकट्या बाई, पुन्हा घ्या. आणि ती ट्रॉली हटवा रे!"

दुसऱ्यांदा धाकटी रॅकचा खांब धरून चढली, सरळ गेली, आणि शटरला दोन्ही तळवे टेकून थांबली. टाळ्या वाजल्या.

मग थोरलीची पाळी. "साहेब, पाय सुजलाय. दोन दिवस थांबला असतात तर."

"यंत्र उद्या दुसऱ्या शेडला जायचंय, बाई. बघा, जमेल तेवढं करा."

ती चढली. आधाराला तिनं कुणाचा खांदा मागितला नाही आणि कुणी दिलाही नाही. डाव्या पायावर भार दिला तशी कळ थेट मांडीपर्यंत गेली, आणि ज्या चाकावर ती एव्हाना कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येत होती तेच चाक तिच्या पायाखालून निसटलं. ती पुन्हा चढली, पुन्हा पडली. मागून कुणीतरी म्हणालं, "नाचता येईना, अंगण वाकडं." लोक हसले. धाकटी हसली नाही, हे थोरलीनं बघितलं. ती साहेबांशी बोलत होती.

घरी मिठाईचा पुडा आला. सासूबाईंनी थोरलीच्या पायाला मलम चोळलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे. एकीला मिळाली ना? घरातच राहिली जागा."

"घरात नाही राहिली. तिला राहिली," थोरली म्हणाली.

थोरलीच्या तोंडून असली वाक्यं निघत नसत. धाकटीच्या हातात मिठाईचा तुकडा तसाच राहिला.

"ताई, असं काय बोलता?"

"काय बोलू मग? तू हाक मारलीस म्हणून धावले मी."

"मी? मी कधी हाक मारली?"

"'ताई गं' म्हणून ओरडलीस. सगळ्या गोडाऊननं ऐकलं."

धाकटीनं क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य आलं. "अहो ताई, मी 'आई गं' म्हटलं! माणूस घाबरला की 'आई गं'च म्हणतो ना?"

कोचावरून हसू आलं. थोरलीच्या नवऱ्याला बऱ्याच दिवसांनी एखादी गोष्ट मजेशीर वाटली होती. "म्हणजे हात दाखवून अवलक्षण," तो म्हणाला.

"आणि मी थांबले असते हो," धाकटी म्हणाली. "मी कुठे म्हटलं होतं, धावा म्हणून?"

तिच्या बोलण्यात खोट नव्हती, टोमणा नव्हता. टोमणा असता तर थोरलीनं त्याची सव्याज परतफेड केली असती, तेवढी जीभ तिलाही होती. ती फक्त म्हणाली, "तुला शटरनं थांबवलं. तू नाही थांबलीस." आणि आत जाऊन भात लावला. या एकाच वाक्याला धरून तिनं पुढचे दिवस काढले. आपण नसतो तर ही ट्रॉलीवर आपटली असती, हातपाय मोडून बसली असती. आपली जागा गेली ती हिला वाचवण्यात गेली. घरातलं कुणी मानो न मानो, हे खरं आहे. पॅकिंगच्या शेडमध्ये पट्ट्यापुढे उभी असताना, डावीकडच्या बाईचं कोपर आणि उजवीकडच्या बाईची बडबड सोसताना, ती हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायची. त्यानं दिवस निघायचा.

धाकटीला आता गोडाऊनचं स्वतःचं यंत्र मिळालं होतं. आठवड्यानं तिला अरुंद गल्ल्यांमध्ये जायचं होतं, म्हणून ती ते सरावाला घरी घेऊन आली.

"ताई, जरा खांदा द्याल? शेवटचंच."

सासूबाईंनी थोरलीकडे नुसतं बघितलं. थोरली लंगडत खाली गेली.

पण या वेळी तिनं मनाशी एक ठरवलं होतं. खांदा द्यायचा, धावायचं नाही. जाऊ दे भिंतीवर. फार नाही, नडगी फुटेल, कोपर सोलवटेल, आणि वर येऊन सगळ्यांसमोर म्हणावं लागेल की ताई नव्हत्या म्हणून पडले. एवढंच हवं होतं तिला. वाईट विचार होता, तिला कळत होतं, आणि तरी तो सोडवत नव्हता.

धाकटीनं खांदा धरला, चढली, सुटली. थोरली जागच्या जागी उभी राहिली. भिंत जवळ येत गेली. थोरलीच्या पोटऱ्या आपोआप ताठ झाल्या, पण तिनं पाय हलू दिला नाही.

भिंतीपासून चांगली हातभर अलीकडे धाकटी किंचित मागे रेलली. चाक थांबलं. जिन्यावरून उतरावं तशी ती खाली उतरली, आणि वळून थोरलीकडे बघून लहान मुलीसारखी ओरडली,

"बघितलंत ताई? तुम्ही धावला नाहीत तर लगेच जमलं! तुम्ही समोर आलात की मीच गडबडते हो."

थोरलीला राग आला असता तर बरं झालं असतं. आला नाही. रागाला धरायला काहीतरी लागतं, आणि जे होतं ते आत्ताच हातातून गेलं होतं. ही तेव्हाही थांबली असती. ट्रॉलीच्या अलीकडे, हातभर अंतरावर, अशीच रेलून उतरली असती. मग आपली गल्ली कशासाठी गेली? आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून आपण जेवढ्या वेळा धावलो, त्यातल्या किती हाका खरंच आपल्याला होत्या?

तेवढ्यात वरच्या खिडकीतून सासूबाईंनी हाक मारली. वाऱ्यात शब्द नीट कळला नाही. थोरलीला होती की धाकटीला, सांगता येत नव्हतं. धाकटी चाक पुसत बसली. थोरली कठडा धरून, दुखरा पाय ओढत, जिना चढायला लागली.