दहा मिनिटांची रेघ

पट्टीवाल्याची नोकरी सोपी होती. मुख्य रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी रंगवलेली हिरवी पट्टी, ती सकाळी आठपासून मोकळी ठेवायची, बस्स. गाडी उभी दिसली की मागच्या चाकावर खडूने रेघ मारायची. दहा मिनिटांत हलली तर ठीक, नाहीतर उचलायला क्रेन बोलवायची. डोकं चालवायची गरजच नाही. पण या बहाद्दराने नेमकं ते चालवलं.

झालं असं, की त्याच रस्त्यावर त्याच्या भाऊजींची लाँड्री होती. कपड्यांच्या गाठोड्यांसाठी त्यांची एक व्हॅन होती, आणि तिला म्हणे जगात दुसरी जागाच नव्हती. पहिल्या दिवशी त्याने तिच्या चाकावर रेघ मारली, तर संध्याकाळी ताईचा फोन.

"अरे, घरच्या माणसालाच खडू लावतोस? भाऊजींना जरा सांभाळून घे की!"

थोरल्या बहिणीचा शब्द याला मोडवेना. तेव्हापासून दहा मिनिटं भरली की तो ओल्या फडक्याने रेघ पुसायचा आणि तिथेच ताजी मारायचा. वा रे पठ्ठ्या! नियमही मोडला नाही आणि व्हॅनही हलली नाही.

त्या पट्टीवरून रोज एक बाई जायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यावर, बासष्टाव्या वर्षी सायकल शिकल्या होत्या. "पट्टी आहे म्हणून धाडस केलं हो, आणि तुम्ही आहात म्हणून," असं त्याला म्हणायच्या. त्यालाही आत कुठेतरी बरं वाटायचं.

एका सकाळी व्हॅन चाळीस मिनिटं उभी होती. चौथी रेघ अजून ओलसर होती. व्हॅनला वळसा घालायला बाई पट्टी सोडून रस्त्यावर उतरल्या, मागून बसने हॉर्न दिला, त्या दचकल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

बाईंचा मुलगा धावत आला. "ही गाडी किती वेळ उभी होती?" त्याने विचारलं.

"आत्ताच आली. बाईंचा तोल गेला," पट्टीवाला म्हणाला. अपघाताच्या नोंदीतही त्याने तेच लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजी न सांगता मागच्या गल्लीत व्हॅन लावू लागले. दुकानापासून पन्नास पावलांवर. म्हणजे जागा होती की! ती रिकामी पट्टी बघून त्याला घास गोड लागेना. आज सांगू, उद्या सांगू करत तीन महिने गेले. शेवटी एका मंगळवारी ड्यूटी संपल्यावर तो बाईंच्या घरी गेला.

बाई काठी टेकत दारात आल्या. "अरे, तुम्ही! या, या. बसा ना. मी सगळ्यांना सांगते, त्या दिवशी पट्टीवालेच होते जवळ, त्यांनीच उचललं मला."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "बाई, ती व्हॅन आत्ताच आलेली नव्हती. चाळीस मिनिटं उभी होती. माझ्या भाऊजींची. मी रेघ पुसून पुसून ती तिथे ठेवली. तुमचा तोल गेला नाही, मी खोटं बोललो."

बाई हातातल्या काठीची मूठ चोळू लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी मुलाला म्हणत होते, बरी झाले की पुन्हा चालवणार," त्या हळूच म्हणाल्या. "तो म्हणाला, आई, साध्या उभ्या गाडीलाही वळसा घालता आला नाही तुला, पट्टीवालेसुद्धा तोल गेला म्हणाले. मग मलाही वाटलं, झालं आता माझं वय. मीच म्हटलं, सायकल देऊन टाक."

"कुणाला दिली? मी आणतो परत. नवी घेऊन देतो," तो उठलाच.

"सायकलचं काय हो, मिळेल दुसरी." बाईंनी मान हलवली. "पण आता मला भीती बसलीय. परवा रविवारी ती नेली तेव्हा जिन्यातून बघितलं, आणि सुटल्यासारखं वाटलं मला. त्याच्या आधी आला असतात ना, तर कदाचित चढले असते पुन्हा."

त्याच्या आदल्याच दिवशी, शनिवारी, तो याच दारापर्यंत आला होता. आतून बाईंचा आवाज ऐकला, आणि बेल न वाजवताच खाली उतरून घरी गेला होता. तेवढं मात्र त्याला सांगता आलं नाही.