शनिवारपर्यंत एकोणीस वह्या

मंगळवारी सकाळी दवाखान्यातून मेहुणीचा फोन आला, तेव्हा टेलरमास्तर कोटाची बाही जोडत होते. मेहुणी म्हणाली, ताई गेली. मास्तर 'बरं' म्हणाले, फोन ठेवला आणि बाही पुरी केली. चाळीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच डावी बाही उजवीकडे लागली. दुसरा कोणी रडला असता. यांनी शिवण घातली, तीही चुकीची.

घरात मास्तर दोघं, पण शिकवणाऱ्या एकट्या बाई, म्हणजे मास्तरांची बायको. पुढच्या खोलीत त्या रोज संध्याकाळी नोकरदार माणसांना इंग्रजी शिकवायच्या. मागच्या खोलीत मास्तरांचं मशीन. बावीस वर्षं ते इंग्रजी मास्तरांच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून निघून गेलं होतं. अक्षरं तेवढी ओळखता यायची, तीही लेबलं शिवून शिवून.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी बाईंनी वर्गाच्या एकोणीस वह्या गोळा केल्या होत्या. परीक्षेआधीच्या शनिवारी तपासून देते, असा शब्द दिला होता. आजवर त्यांच्याकडून एकही वही उशिरा परत गेली नव्हती. बाई नाहीत म्हणून त्यांचा शब्द खाली पडावा, हे मास्तरांना सहन होईना. मेहुणी शाळेत शिकवायची. ती म्हणाली, दाजी, द्या इकडे, दोन तासांचं काम आहे. मास्तरांनी दिल्या नाहीत. माझ्या बायकोचं काम मी करीन, म्हणाले. डोक्यात काही नसलं की अंगात हट्ट तरी असतो.

धडा होता 'इफ आय वेअर'चा. बाईंच्या वहीत नमुन्याचं वाक्य होतं: इफ आय वेअर अ बर्ड, आय वुड फ्लाय टु यू. मास्तरांना नमुना मिळाला म्हणजे सगळंच मिळालं. कापडावर कागदी कटिंग ठेवून पाहावं तसं त्यांनी प्रत्येकाचं वाक्य अक्षर न् अक्षर जुळवून पाहिलं. बसलं नाही की फुली. तीन दिवस खपले. अठरा जण नापास आणि एक कंडक्टर तेवढा पास. वर्गाची ढिलाई इतक्या वर्षांनी आपणच उघडकीला आणली, असं वाटून त्यांची छाती फुगली.

शुक्रवारी वर्गातली नर्स वही तयार आहे का बघायला आली. फुली बघून खुर्चीत बसलीच.

"मास्तर, माझं काय चुकलं?"

"बाईंच्या वाक्यात पक्षी आहे. तुझ्या वाक्यात नाही."

"माझ्या वाक्यात डॉक्टर आहे. मी डॉक्टर असते तर दहा वाजेपर्यंत झोपले असते."

मग तिने समजावलं. साचा तेवढा बाईंचा, आत ज्याने त्याने आपापलं भरायचं. 'आय'ला एरवी 'वॉज' लागतं. पण जे नाहीच ते आहे असं धरून बोलायचं, तेव्हा 'वेअर'. मास्तरांनी विचारलं, मग कंडक्टरचं कसं बरोबर आलं?

"ते फळ्यावरचं उतरवून घेतात. तीन वर्षं झाली. बाई त्यांना दहापैकी दोन द्यायच्या, अक्षराचे."

नशीब, फुल्या शिंप्याच्या खडूने मारल्या होत्या. पेनाने खूण करायची नाही, ही धंद्याची सवय. मास्तरांनी कपड्यांचा ब्रश आणला आणि अठरा जणांना झटकून पास केलं. नर्स एकेक वाक्य वाचून अर्थ सांगू लागली. एक कारकून साहेब असता तर त्याने साहेबालाच रजा नाकारली असती. एक सासूबाई सून असत्या तर वेगळ्या राहिल्या असत्या. मास्तर हसले आणि मग स्वच्छ झालेली वही बराच वेळ झटकत राहिले.

"तुम्हीही एक करा, मास्तर," नर्स म्हणाली. "जे नाही ते आहे असं धरायचं."

"ते करतोच की," मास्तर म्हणाले. "अजूनही सहा वाजले की मशीन थांबवतो. वर्गाला त्रास नको म्हणून."

जिथे 'वॉज' पडलं होतं तिथे नर्सने पेन्सिलीने 'वेअर' लिहून दिलं, पण गुण द्यायला ती तयार होईना. गुण बाईंच्याच हातचे, म्हणाली. मास्तरांना तर आता स्वतःवर एका गुणाचाही भरवसा नव्हता.

शनिवारी एकोणीसही वह्या वेळेवर परत गेल्या. गुणांची जागा सगळ्यांत कोरी आहे.