सर्वानुमते मंजूर

रंगनाथच्या अध्यक्षतेखाली कधी मतदान झालं नाही. भाजी उत्पादकांची सोसायटी, गल्लीतलं गणेश मंडळ, केबलवाल्यांची संघटना, सगळीकडच्या वह्यांमध्ये वीस वर्षं एकच शेरा होता: सर्वानुमते मंजूर. भर सभेत माणसांना हात वर करायला लावणं त्याला असभ्य वाटे. ज्याचा विरोध असेल त्याला तो आदल्या दिवशी मिसळ खायला न्यायचा आणि विरोध तिथेच रश्शात बुडवून यायचा. पंचवटीतले निम्मे मतभेद असे पचले होते.

देवराम तेवढा पचत नसे. शाळेपासूनचा मित्र, टेलिफोन खात्यातून मुदतीआधी निवृत्त झालेला. त्याचं वाक्यच ‘नाही’पासून सुरू व्हायचं. आज ऊन आहे म्हटलं तरी, “नाही, ऊन नव्हे, उकाडा.” रंगनाथ चारचौघांत त्याची चेष्टा करी, पण कुठल्याही नव्या धंद्याआधी गुपचूप त्याच्याकडे जाई. देवरामचे सगळे नकार संपल्यावर जे काही शिल्लक राहील तेवढंच करी. त्यामुळे त्याचं कधी बुडालं नव्हतं.

२००२ साली नाशकातले केबलवाले टीव्हीच्या जोडीला इंटरनेटही विकू लागले होते. रंगनाथ पंचवटीत, चिमाजी सिडकोत, कॉलेज रोडला योगिनीचा सायबर कॅफे, असे सगळे मिळून दहा जण. देवरामने शोधून काढलं, की पंचवटीतून सिडकोला पाठवलेला फोटो आधी मुंबईला जातो, तिथून कधीकधी अमेरिका बघून येतो आणि मग सिडकोत पोचतो. त्या यात्रेचं भाडं दहाही जण मुंबईला भरत होते.

“मखमलाबादची मेथी पंचवटीत विकायची तर आधी वाशीला कोण पाठवतं?” त्याने विचारलं.

“कुणीच नाही,” रंगनाथ म्हणाला.

“तुम्ही पाठवता. दहा शहाणे.”

उपाय सोपा होता. प्रत्येकाने आपली तार एका खोलीत आणायची, मधे स्विच नावाचा एक डबा ठेवायचा, आणि नाशिकचं नाशकातच द्यायचं-घ्यायचं. रंगनाथच्या दुकानावरची खोली ठरली. दहा जणांनी सारखी वर्गणी काढली, मंडळ स्थापन झालं, रंगनाथ अर्थातच बिनविरोध अध्यक्ष झाला. योगिनी चिटणीस. देवराम तारा जोडणारा, म्हणून त्याला अकरावा सभासद करून घेतलं. त्याच्या वाट्याची वर्गणी त्याने घामाने भरावी असं ठरलं.

नियमावली देवरामनेच लिहिली. नियम नऊ असा: जागा, यंत्र किंवा कारभार बदलायचा तर अकराही जणांची संमती हवी, सभेत एकाने जरी हरकत घेतली तरी ठराव पडला.

“उद्या कुणी मोठा आला तर दहांना खिशात घालेल,” तो म्हणाला. “अकरावा उरला पाहिजे.”

“म्हणजे तू.”

“कुणीही. पण बहुतेक मीच.”

रंगनाथला नियम नऊ फार आवडला. आपण जन्मभर जे केलं तेच याने छापलं, असं त्याला वाटलं. नियम एका माणसाच्या नकारासाठी होता. रंगनाथने तो अकरांच्या होकारासाठी वाचला.

तीन वर्षं डबा छान चालला. निफाडच्या द्राक्षवाल्याने बागेचे फोटो धाडले तर कॉलेज रोडचा निर्यातदार ते चहा निवायच्या आत बघू लागला. मात्र वर्गणी मागायला गेलं की चिमाजी म्हणे, “चालू आहे ना? मग पैसे कशाला?” आणि एकदा बंद पडला तेव्हा म्हणाला, “बंद आहे, पैसे कशाचे?”

२००५मध्ये मुंबईच्या एका कंपनीचा माणूस टाय लावून आला. मोठा स्विच, एसी, जनरेटर, सगळं फुकट. वर्गणी माफ. फक्त यंत्र कंपनीच्या इमारतीत राहील आणि देखभाल कंपनी बघेल. दहा जणांना तो माणूस बघताक्षणी आवडला. चिमाजीने तर त्याच्या टायलाही हात लावून पाहिला.

सभेच्या आदल्या दिवशी रंगनाथ देवरामला मिसळीला घेऊन गेला.

“नाही,” देवराम पाव यायच्या आधीच म्हणाला. “खोली त्यांची, डबा त्यांचा, मग तार कुणाची ठेवायची तेही तेच ठरवणार. मी उद्या हरकत घेणार.”

“घे ना. पण नंतर काय? वर्गणी दहा जण देत नाहीत, डबा म्हातारा झाला. बिघडला की सगळे तुझ्या नावाने खडे फोडणार.”

“फोडू देत.”

“आणि माझं काय? वीस वर्षांत माझ्या सभेत कुणी हरकत घेतली नाही रे.”

“मग आता घेतील. त्याने काही मरत नाही माणूस.”

रंगनाथने चमचा खाली ठेवला. यापुढचं वाक्य त्याने या मित्राशी कधीच वापरलं नव्हतं. बाकी सगळ्यांना ते एकेकदा म्हणून झालं होतं.

“माझ्यासाठी,” तो म्हणाला. “एवढ्या वेळेला गप्प बस.”

देवराम त्याच्याकडे बघत राहिला. “तू मागतोयस?”

“मागतोय.”

“बरं,” देवराम म्हणाला, आणि उरलेली मिसळ त्याने संपवली नाही.

दुसऱ्या दिवशी सभेत ठराव वाचून झाला. चिमाजी सूचक. अनुमोदक व्हायला आठ जण उठले. “कुणाची हरकत?” रंगनाथने विचारलं आणि तो पंख्याकडे बघू लागला. योगिनीचं पेन थांबलं होतं.

“देवरामकाका?” ती म्हणाली.

देवरामने घसा साफ केला. तो बोलणार होता की नुसता खाकरला, हे रंगनाथला पुढे कधीच नक्की ठरवता आलं नाही. कारण त्याने थांबून पाहिलंच नाही.

“लिही, सर्वानुमते मंजूर,” तो म्हणाला. “आणि चहा सांगा.”

पहिलं वर्ष फुकटात गेलं. दुसऱ्या वर्षी कंपनीने देखभालीच्या सोयीसाठी नाशिकचा डबा मुंबईला नेला. फोटो पुन्हा सिडकोला मुंबईमार्गे जाऊ लागले, आणि आता भाडं कंपनीच ठरवत होती. योगिनीने कॅफे बंद करून झेरॉक्स टाकलं. चिमाजीने तारा कंपनीला विकल्या. रंगनाथ कंपनीचा एजंट झाला. त्याला एक टोपी मिळाली. त्याला कुणीच दोष दिला नाही. ठराव सर्वांचाच होता, त्यामुळे कोण कुणाला बोलणार? रस्त्यात भेटले की लोक अजून “अध्यक्ष” म्हणत. ते त्याला शिवीहून वाईट लागे.

देवराम पेठला, सासरवाडीच्या गावी, निघून गेला. तिथे तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो असं कळलं. जाऊन माफी मागायला रंगनाथला तीन वर्षं लागली.

तो एसटीतून उतरून दुकानाशी पोचला तेव्हा आत भांडण चाललं होतं.

“नाही,” देवराम एका गिऱ्हाईकाला सांगत होता. “मोटार जळली नाय, तू जाळलीस. पाणी नसताना चालवली.”

“चालवली नाय हो.”

“चालवलीस. वास सांगतो.”

रंगनाथला इतकं बरं वाटलं, की तो दारातच हसला. देवराम उठला, त्याने खुर्ची पुसली, बायकोला, नवसाबाईंना, चहा सांगितला.

“माझी चूक झाली,” रंगनाथ म्हणाला. “तू हरकत घ्यायला हवी होतीस.”

“हं. घ्यायला हवी होती.”

“तसं नव्हे. मी तुला गप्प बसवलं.”

“तेही आहे.”

“मला शिव्या घाल ना.”

“कशाला? झालं गेलं.”

चहा आला. रंगनाथने इकडचं तिकडचं काढलं. द्राक्षांचे भाव पडलेत, तो म्हणाला. देवराम म्हणाला, पडले असतील. मग मुद्दामच तो म्हणाला, की टेलिफोन खात्यातली माणसं तशी कामचुकारच. आतल्या दारात नवसाबाई थबकल्या. पूर्वी या एका वाक्यावर देवराम दोन तास उभा राहून बोलला असता.

“तू म्हणतोस तर असेल,” देवराम म्हणाला.

शेवटी रंगनाथने ज्यासाठी बसमध्ये तालीम केली होती ते काढलं. “आपण पुन्हा उभं करू. जागा माझी, तारा उरल्यात थोड्या. काय?”

तो वाट बघत राहिला. हे शक्य का नाही याची निदान दहा कारणं त्याला स्वतःलाच माहीत होती. देवरामकडे वीस असणार.

“करू की,” देवराम म्हणाला, आणि त्याने समोरची मोटार जवळ ओढून तिचे नट सोडवायला घेतले.

नाशिकची गाडी पाचची होती. रंगनाथ सव्वातीनलाच स्टँडवर जाऊन बसला.