साखरेचा काटा

त्रिंबकआप्पांनी जन्मभर सहकारी कारखान्यात उसाचा रस उकळून पोत्यांनी साखर काढली, पण ओंजळभर हलव्याला काटा आणताना त्यांच्या नाकी नऊ आले.

त्या साली दुष्काळानं ऊस जागेवरच वाळला. कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही आणि ऐन संक्रांतीत आप्पा वडवणीला घरी राहिले. सून मनकर्णा हिची पहिलीच संक्रांत. आप्पांची बायको हयात नव्हती. तेव्हा हलव्याचे दागिने मीच करणार, असं त्यांनी गल्लीभर सांगून टाकलं. साखरेतलं मला कोण शिकवणार, हा तोरा.

मनातलं कारण निराळंच होतं. विहीण सरूबाई सणाला येणार होत्या. आष्टीकडच्या या बाई दर साली दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जात. लेकीची एकही संक्रांत त्यांनी घरात केली नव्हती. यंदा तोडायला ऊसच नव्हता. त्या माउलीनं एकदा तरी लेक नटलेली बघावी, असं आप्पांना फार वाटत होतं, पण बोलून दाखवायची लाज वाटे.

त्यांनी परातीत साबुदाणा टाकला, खाली रसरशीत जाळ केला आणि वाटीभर पाक एकदम ओतला. त्याचा दगड झाला. दुसऱ्या खेपेला लाडू झाला. मनकर्णा पदराआड हसत होती. कारखान्यातून गेल्या साली मिळालेली साखर निम्मी सरली, तेव्हा मात्र आप्पांचा चेहरा उतरला.

शेजारच्या वच्छलाबाई डोकावल्या. "आप्पा, काहून एवढा जाळ घातलाय? हा कारखाना न्हाई. थेंब थेंब पाक सोडा, बोटानं हलवा. अन् पहाटच्या गारठ्यात बसा. तवाच काटा फुलतो."

आप्पा मुकाट्यानं पहाटे शेगडीपाशी बसू लागले. बोटं पोळली, कंबर धरली, पण एका पहाटे दाण्यांवर बारीक पांढरे काटे उभे राहिले आणि हा पिकल्या मिशांचा माणूस पोरासारखा हरखला. पोराच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिका कातरून, अगरबत्तीच्या पुड्यातला चंदेरी कागद लावून, त्यांनी बिंदी, बांगड्या, हार केला. दगड झालेला पहिला घाणा टाकवेना, म्हणून त्यातला एक खडा हाराचं पदक झाला.

सणाला मनकर्णा काळं लुगडं नेसून, दागिने घालून पाटावर बसली. सरूबाई दारातच थबकल्या. मग जवळ येऊन त्यांनी घट्टे पडलेलं बोट हारावरून हळूच फिरवलं.

"ही साखर हाय?"

"तुमी तोडलेल्या उसाचीच," आप्पा म्हणाले. "गेल्या साली तुमची टोळी आमच्याच कारखान्याला होती की."

सरूबाईंनी हार पुन्हा चाचपून पाहिला. "लई गाड्या भरल्या, इवाई. पाल्यानं अंग कापायचं. त्याचं असं काही होतं, ते ठावंच नव्हतं."

मनकर्णेनं पदक तोडलं आणि आईच्या तोंडात घातलं. खडा काही फुटेना. गाल फुगवून सरूबाई हसल्या, डोळे मात्र भरून आले होते.

"लई टणक हाय," त्या म्हणाल्या. "बरं झालं. आष्टी येईस्तवर पुरंल."