कुंपणापलीकडची खरखर

शेजाऱ्याचा त्रास नाही असं घर दाखवा आणि बक्षीस घेऊन जा! कुणाचा कुत्रा भुंकतो, कुणाच्या झाडाची पानं आपल्या दारात पडतात. आर्विद कोस्केलाची तक्रार मात्र निराळी होती. त्याच्या रेडिओत पाच आठवड्यांपासून खरखर येत होती, आणि त्या खरखरीत त्याचा सख्खा भाऊ हरवला होता.

आर्विद एकाहत्तर वर्षांचा. अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या काठच्या एका लहानशा गावात तांब्याच्या खाणीवर वीजकाम करून निवृत्त झालेला, आणि घरच्या रेडिओयंत्रावरून एकमेकांशी बोलणाऱ्या गावच्या हौशी रेडिओ क्लबचा जुना सभासद. मोठा भाऊ ओनी पलीकडे मिनेसोटात तळ्याकाठी एकटा राहायचा. तीन वर्षांपूर्वी ओनीच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज कायमचा गेला. डोळेही अधू. आता फोन घेऊन काय करायचा, आणि पत्र वाचायचं कसं? पण दोघं भाऊ पोरवयापासून रेडिओवेडे होते, आणि ओनीचं एक बोट अजून शाबूत होतं. दर रविवारी सकाळी अकराला तो मोर्सच्या टकटक लिपीची कळ दाबायला बसायचा. काय खाल्लंस, मासे लागले का, गुडघा काय म्हणतो, सगळं त्या टकटकीतून. ती टकटक हाच आता ओनीचा आवाज होता.

आणि तोच ऐकू येईना.

"अरे, पण खरखर येते कुठून?" बायको एल्मा विचारायची.

"तेच तर कळत नाही!" आर्विद डोक्याला हात लावायचा. "मंगळवारी होती, बुधवारी नव्हती, गुरुवारी पुन्हा आहे! सकाळी आहे, संध्याकाळी गायब. भूतबित असावं."

"भुताला तुझ्या रेडिओशिवाय दुसरं काम नसेल का रे?"

त्यानं नियमानं सगळं केलं होतं. घराचा मेन स्विच बंद केला, रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चालवून पाहिला, तरी खरखर होतीच. म्हणजे दोष आपल्या घरात नाही, हे ठरलं. मग क्लबमध्ये बनवलेलं कडं काढलं. मुलं कमरेभोवती फिरवतात त्या प्लॅस्टिकच्या रिंगणावर तांब्याची तार गुंडाळायची, छोट्या रेडिओला जोडायची आणि ते फिरवत राहायचं; खरखर एकदम बारीक झाली की कडं ज्या रेषेकडे तोंड करून असेल, त्या रेषेवर चोर बसलेला असतो. आर्विदनं आपल्या ओसरीवर उभं राहून कडं फिरवलं. रेषा सरळ कुंपणापलीकडे, शेजारच्या खिडकीवर गेली.

त्या खिडकीत बसायची मारिसोल किंतेरो. टेक्सासहून दोन महिन्यांपूर्वी आलेली विधवा बाई. शिलाईमशीनवर गोधड्या शिवून पोट भरायची. आणि गंमत पाहा, ज्या दिवशी तिचं मशीन चाले त्याच दिवशी खरखर असे! आर्विदला आणखी काय हवं होतं?

तो तिच्या दारात गेला. बिचारीनं ऐकून घेतलं. "मिस्टर कोस्केला, रविवारी सकाळी मी मशीनला हातही लावणार नाही. तुम्ही भावाशी बोला," ती म्हणाली, आणि वर मक्याच्या पानात उकडलेले चार तमाले बांधून दिले.

रविवार आला. लख्ख ऊन पडलेलं. अकराला आर्विदनं हेडफोन लावला. खर्रर्रर्र!

आता तर त्याचं डोकंच चक्रावलं. मशीन बंद, तर मशीनची खरखर कशी? पण माणसाचं मन मोठं लबाड असतं हो. गोंधळ सोसण्यापेक्षा त्याला राग सोपा वाटतो. 'बाई खोटं बोलते,' त्यानं ठरवून टाकलं. क्लबची हजेरी दर बुधवारी संध्याकाळी रेडिओवरच व्हायची. एकेक सभासद आपलं नाव सांगून दोन शब्द बोलायचा. आर्विदनं आपल्या पाळीला सगळ्या गावाच्या कानावर घातलं, "माझी शेजारीण तोंडावर गोड बोलते आणि मागून मशीन चालवते." ऐकणाऱ्यांत मार्व होता. मारिसोलचा घरमालक! दुसऱ्याच दिवशी त्यानं तिला सांगितलं, महिनाअखेर खोली रिकामी करा.

हे आर्विदला कळलं. एवढं काही आपण मागितलं नव्हतं. पण बोललेलं परत कसं घ्यायचं? आणि खरखर तर खरीच होती ना!

पुढच्या रविवारी साडेदहाला दारात मोटार थांबली. क्लबच्या अध्यक्ष हिल्काबाई उतरल्या. वय एकोणऐंशी, जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला, जीभ अजून तिखट.

"तुझी वही आण," त्या कॉफीचा पहिला घोट घेत म्हणाल्या. "खरखरीची नोंद ठेवली असशीलच."

त्यांनी पानं उलटली, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एल्मानं लिहिलेलं हवामान पाहिलं. एल्माला ती सवयच होती, कपडे वाळत घालायचे म्हणून.

"आर्विद, ऊन असेल त्या दिवशी खरखर, ढग असतील त्या दिवशी नाही. आणि रविवार तर सगळे उन्हाचेच गेले. तुझी शेजारीण काय सूर्यफूल आहे?"

"ती उन्हाचीच शिवते! खिडकीत उजेड असला की!"

"बरं. कडं फिरवलंस ते कुठून?"

"माझ्या ओसरीवरून."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा कशाला? रेषा मिळाली होती की!"

"अरे, नव्या पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवतोस तू?" हिल्काबाईंचा आवाज चढला. "एका जागेवरून नुसती रेषा मिळते. त्या रेषेवर कुंपण असतं, झाड असतं, शेड असते, शेजाऱ्याची खिडकी असते! चोर नेमका कुठे, ते कळायला दुसऱ्या जागी जाऊन उभं राहावं लागतं. तू का नाही गेलास?"

"दुसरी जागा म्हणजे... तिचं अंगण."

"मग? तिच्या अंगणात काटे होते?"

जिच्यावर आळ घ्यायचा, तिच्याच अंगणात उभं राहून खात्री करायची, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

दोघं कुंपण ओलांडून गेली. मारिसोल दारात आली. तिच्यामागे अर्धी भरलेली खोकी दिसत होती. "मशीन बंद आहे हो," ती घाईनं म्हणाली. "हवं तर आत येऊन बघा."

ते वाक्य आर्विदला फार लागलं. मान खाली घालून त्यानं कडं हातात घेतलं आणि खिडकीपासून दूर, तिच्या अंगणाच्या कोपऱ्यात उभं राहून फिरवलं. खरखर बारीक झाली. कडं खिडकीकडे वळलंच नव्हतं! ते तोंड करून उभं होतं कुंपणाकडे, कुंपणालगतच्या आर्विदच्या शेडकडे. ओसरी, शेड आणि खिडकी, तिन्ही एका रेषेत!

"छे! शेडमध्ये काय आहे? तिथे तर विजेची तारसुद्धा नाही. फक्त माझी सौर पेटी..."

आणि त्याची नजर शेडच्या छपरावर गेली.

सौर पेटी! छपरावरच्या सौर पट्टीतून बॅटरी भरणारी ती पेटी त्यानं थंडीभर खपून स्वतःच्या हातानं बनवली होती. क्लबच्या घरगुती बनावटीच्या स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस, नाव कोरलेली लाकडी फळी, मिळालं होतं. पाच आठवड्यांपूर्वीच ती शेडमध्ये बसवली होती. घराच्या मेन स्विचशी तिचा संबंधच नव्हता, मग तो बंद करून काय होणार? ऊन पडलं की ती चालू, ऊन गेलं की बंद!

"नसेल... माझी पेटी असं करणार नाही," तो पुटपुटला.

"पट्टी झाक, कळेलच," हिल्काबाई म्हणाल्या. "काहीतरी जाड आणा कुणी."

मारिसोल आत गेली आणि एक भलीमोठी गोधडी घेऊन आली. निळ्या-पांढऱ्या तुकड्यांची, नवीकोरी. आर्विद शिडीवर चढला, तिनं खालून गोधडी वर दिली, आणि त्यानं ती सौर पट्टीवर पसरली.

खरखर थांबली! खटका दाबावा तशी!

घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. आर्विद धावत खोलीत गेला, हेडफोन बाजूला फेकून त्यानं रेडिओचा आवाज मोठा केला. दूरवरून, बारीक पण स्वच्छ, टकटक येत होती.

"काय म्हणतात ते?" दारात उभ्या मारिसोलनं विचारलं.

आर्विदच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "म्हणतोय... आर्विद, हा सहावा रविवार. तू ऐकत असशील असं धरून बोलतोय. ऐकतोयस ना?"

कळीवर बोट ठेवून त्यानं उत्तर दिलं, "ऐकतोय दादा. दोष माझ्याच घरात होता. मी शेजारणीला चोर ठरवलं."

मग टकटक झाली. ती ऐकून आर्विद खुर्चीतून उठला आणि मारिसोलसमोर उभा राहिला.

"दादा विचारतोय, तिची माफी मागितलीस का? नाही मागितली. आता मागतो. चुकलो मी, बाई. फार चुकलो."

"गोधडी मळली तर धुऊन द्या म्हणजे झालं," मारिसोल म्हणाली.

"एवढ्यावर भागायचं नाही," हिल्काबाईंनी बजावलं. "आळ घातलास सगळ्या गावाच्या कानावर, आणि माफी बंद खोलीत?"

बुधवारच्या हजेरीला आर्विदनं आपलं नाव सांगितलं आणि न अडखळता सगळी हकीकत सांगितली. मार्व ऐकत होता. त्यानं त्याच रात्री मारिसोलला जाऊन सांगितलं, खोकी उघडा. पेटीतल्या तारांवर खरखर अडवणारे लोखंडी मणी चढवून आर्विदनं ती गप्प केली, आणि बक्षिसाची फळी हिल्काबाईंपुढे ठेवली. त्यांनी ती परत दिली नाही. तिच्या मागच्या बाजूला खडूनं एक ओळ लिहून ती क्लबच्या दारावर टांगली.

मंडळी, आपल्याकडे रेडिओ नसेल, पण ओसरी आहे, कुंपण आहे, आणि कुंपणापलीकडे कुणीतरी राहतं. आपल्या ओसरीवरून दोष नेहमी पलीकडेच दिसतो. म्हणून कुणाला चोर म्हणण्याआधी त्या फळीवरची ओळ आठवा: 'आधी त्याच्या अंगणात जाऊन उभे राहा.'