एकटीपुरतं

"मूठभर मीठ? आई, मी एकटी जेवणार आहे, सगळा गाव नाही!"

लेकीचा आवाज इतका चढला की अक्कांनी फोन कानापासून लांब धरला. शेजारी गाजरं चिरणारी बाई फिस्सकन हसली. स्वयंपाकघरात सगळे तिला सुरी म्हणत, ते हातातल्या सुरीपेक्षा जिभेवरून.

"तसं मूठभर नाही गं," अक्का गडबडल्या. "चिमूटभर. म्हणजे चिमटीपेक्षा जरा जास्त... थांब ठकू, मी तुला करून बघून सांगते. हरभरे भिजलेत ना? शिजवून ठेव तोवर."

फोन ठेवला आणि अक्का आपल्याच हाताकडे बघत राहिल्या.

प्रसूती रुग्णालयाच्या स्वयंपाकघराच्या त्या मुख्य. दिवस गेलेल्या बाईला काय मानवतं, कशाने मळमळतं, काय पोटात ठरतं, हे त्यांच्या हाताला पाठ होतं. पण तो हात सगळ्या वॉर्डाचा होता. डाळ बादलीने मोजायची, मीठ मुठीने टाकायचं, पाणी तर नळाखाली पातेलं सरकवून. एका माणसाला किती लागतं, हा प्रश्न त्यांना उभ्या आयुष्यात पडला नव्हता. नवरा गेल्यापासून घरी चूल अशी पेटलीच नव्हती. इथलं उरलेलं घरी यायचं आणि मायलेकी ते जेवायच्या. "मी जन्मापासून पेशंटच आहे," असं लेक थट्टेने म्हणायची.

आता त्याच लेकीला पाचवा महिना लागला होता आणि ती होती रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब. जावयाचं काम फिरतीचं, आठवड्यातून एकदा घरी यायचा. हिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. कांदा परतल्याचा नुसता वास आला तरी संपलंच. वजन वाढायचं सोडून उतरलं होतं, आणि पुढच्या तपासणीपर्यंत वाढलं नाही तर दाखल करून घेऊ, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मी येते," अक्का तेव्हाच म्हणाल्या होत्या.

"नको गं. दीड खोलीत तू झोपणार कुठे? आणि तुला रजा कोण देतंय?"

दोन्ही खरं होतं. तरी त्या 'नको'च्या पोटात कुठेतरी 'ये' दडलेलं असेल, असं अक्कांना वाटत राही. प्रत्येक फोनला त्या ते चाचपून बघत. आणि आज लेकीने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं, तर आईला साधं मीठ सांगता येईना.

"सुरी, एका बाईचं जेवण करायचंय."

"कुठल्या वॉर्डातल्या?"

"कुठल्याच नाही. माझ्या."

दुपारची वाढपं उरकली, मोठी पातेली धुऊन पालथी पडली. मग अक्का कामाला लागल्या. पण एका माणसापुरतं भांडंच त्या स्वयंपाकघरात सापडेना. शेवटी रखवालदाराचं चहाचं पातेलं उसनं आणलं. पहिल्या खेपेला हरभरे इतके झाले की सुरी म्हणाली, "जुळं आहे की पलटण?" दुसऱ्या खेपेला अक्कांनी हात आखडला, तर म्हणाली, "आता हे काय, चिमणीचं डोहाळजेवण?"

तेवढ्यात आहारतज्ज्ञ मॅडम डोकावल्या. वयाने लेकीच्याच बरोबरीच्या. कशाचा गोंधळ चाललाय ते कळल्यावर त्यांनी खुर्चीच ओढून घेतली.

"वाटी घ्या हातात, अक्का. शिजलेले हरभरे एक वाटी. वर काकडी, टोमॅटो बारीक चिरून. लिंबू पिळायला सांगा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागेल. आणि जेवणावर लगेच चहा नाही. बाजूला दही, पावाचे दोन तुकडे. पोटही भरेल, आणि फोडणी नाही म्हटल्यावर वासाची कटकट नाही."

"आणि मीठ?"

"ते मला काय विचारता? मी घरी आईच्या हातचं जेवते."

तिघी हसल्या. अक्का जरा कमी हसल्या.

मग त्यांनी चिमटी चिमटीने मीठ घातलं. घास तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे आणि लेकीची जीभ आठवायची. तिला जरा खारट आवडतं की अळणी? काही केल्या आठवेना. वॉर्डाला जेवढं, तेवढंच ती निमूट जेवत आली होती. शेवटी अक्कांनी आपल्या अंदाजाने ठरवलं आणि फोन लावला.

"चिमटी भरून एकदा, आणि मग अर्धी चिमटी. कळलं? आता माझ्यासमोर खा."

"समोर कुठे? फोनवर आहेस तू."

"तेच. बोलू नकोस, खा."

लेक खात होती. काकडीचा कुरकुर आवाज येत होता, मध्येच वाटीवर चमचा लागत होता. अक्कांनी दुसऱ्या कानावर हात दाबून धरला. सुरीने नळ सोडला तर तिच्याकडे त्यांनी असे डोळे वटारले की तिने मुकाट्याने बंद केला.

"राहतंय का पोटात?"

"बघू. तू ठेव आता."

"थोडा वेळ राहू दे फोन. मी काही बोलत नाही."

पोटात राहिलं.

मग रोज दुपारी फोन येऊ लागला. आज काय करू? उकडलेला बटाटा नि दही. मसूर आणि दुधी शिजवून, घोटून, कोमट करून. अंडं अगदी घट्ट उकडून. पर्समध्ये भाजलेले शेंगदाणे नि एक केळं. "आणि सकाळी अंथरुणातच कोरडा टोस्ट खायचा, मग उठायचं. एकदम भरपेट नको, पण पोट रिकामंही ठेवायचं नाही. रिकाम्या पोटालाच जास्त ढवळतं." प्रत्येक पदार्थ अक्का आधी चहाच्या पातेल्यात करून बघत. रखवालदाराने चहा सोडल्यासारखाच होता, सुरी मात्र विचारायची, "अक्का, फोनलाही एक घास भरवता का?"

त्यांना भरवायचंच होतं. लेकीचा हात हातात घेऊन मनगट किती वाळलंय ते बघायचं होतं. तिच्या पोटावर तळवा ठेवायचा होता. वॉर्डातली एखादी जेवता जेवता थबकून पोटाला हात लावायची आणि आपल्याशीच हसायची, तेव्हा अक्का पळी हातातच धरून उभ्या राहत.

एके दिवशी हिय्या करून त्या बड्या सिस्टरांपुढे गेल्या.

"रजा? तुम्हाला?" सिस्टरांनी चष्मा काढला. "जा, चांगल्या महिनाभर जा. सुरी बघेल इथलं."

"म्हणजे पेशंट टोमणे खाऊनच जगणार," दारातून सुरी म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून पळाली.

दुपारचा फोन येईपर्यंत अक्कांना दम निघेना. आला तो लेकीच्या हसण्यासकटच आला.

"आई! वाढलं! वजन वाढलं! डॉक्टर म्हणाले, आता दाखल व्हायला नको, बाळही छान आहे."

"गुणाची गं माझी! अगं, मलाही तुला सांगायचंय..."

"आधी माझं ऐक. तू आता अजिबात घोर लावून घेऊ नकोस. यायचं वगैरे तर डोक्यातूनच काढ. मला येतं आता सगळं. काल तुला न विचारताच केलं, आणि काय झालं होतं म्हणून सांगू! सगळं संपवलं." जरा थांबून ती म्हणाली, "तू काय सांगत होतीस?"

अक्कांनी हात पदराला पुसले. कोरडेच होते ते.

"काही नाही गं. मीठ किती घातलंस, तेच विचारणार होते."

"तू सांगतेस त्याहून थोडं जास्त. मला जास्तच आवडतं."

"हं," अक्का म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंस."

सिस्टरांना त्यांनी जाता जाता सांगितलं, "रजा आत्ता नको. बाळंतपणाला बघू. बोलावलं तर." सुरीने तोंड उघडलं होतं, पण अक्कांचा चेहरा बघून मिटलं.

घरी जाताना त्या भांड्यांच्या दुकानात शिरल्या.

"केवढं दाखवू, काकू? किती माणसांचं?"

"एका."

संध्याकाळी त्यांनी घरी चूल पेटवली. मसूर आणि दुधी शिजवून घोटला, जरा जास्तच मीठ घातलं आणि खिडकीशी बसून जेवल्या. चव चांगली होती. लेकीचं बरोबर होतं.

जेवण झालं तशा त्या उठल्या आणि राहिलेलं झाकून ठेवायला त्यांनी झाकण उचललं.

पातेल्यात काही राहिलं नव्हतं. माप नेमकं जमलं होतं.