स्टीलच्या डब्यातला बोर्ड

मित्रांनो, मी एक जुना सर्किट बोर्ड आहे. तळहाताएवढी हिरवी पाटी, पोटात सिमकार्ड आणि स्वभावाने महाभित्रा. माझ्या जोडणीचा नकाशा कुणी तिजोरीत ठेवलेला नाही; ज्याला हवा त्याने पाहावा आणि माझ्यासारखा दुसरा बनवावा. सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या स्मिताताईंनी मला तसाच जुळवला.

त्यांच्या वडिलांचा, गुणवंतरावांचा, संत्र्याचा बगीचा नाल्यापलीकडे आहे. नाला मोठा कपटी. इथे ऊन असते आणि वरच्या डोंगरात पाऊस झाला की लोंढा येतो. अलीकडच्या काठावर, खोपडीजवळच्या, म्हणजे छोट्या झोपडीजवळच्या, खांबावर मला बसवले. दर पंधरा मिनिटांनी जागे व्हायचे, पाणी मोजायचे, ताईंच्या मोबाइलवर निरोप धाडायचा आणि पुन्हा झोपायचे. म्हणून एवढीशी बॅटरी मला वर्षभर पुरते. पाणी वाढलेले दिसले की ताई वडिलांना फोन करून थांबवत. गुणवंतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला माझे कौतुक सांगत.

पण माकडे माझ्या वायरी ओढू लागली. ताईंच्या आई देवकाबाई जामसांवलीच्या हनुमंताच्या भक्त. माकडावर दगड उचलणे त्यांना जमेना. एका दुपारी त्यांनी मला लग्नातल्या, नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवले आणि झाकण घट्ट लावले; पाणी मोजणारी वायर तेवढी बाहेर राहिली. मायेनेच केले हो! स्टीलमधून माझी हाक टॉवरपर्यंत जात नाही, हे त्यांना कोण सांगणार?

मी जागा झालो तेव्हा नाल्यात पाणी गुडघाभर होते. टॉवरला हाक मारली. उत्तर नाही. घाबरून झोपलो. पुन्हा उठलो तर पाणी मांडीपर्यंत! मी जीव तोडून ओरडलो. बॅटरी भराभर उतरू लागली. तेवढ्यात पलीकडून, बगीच्यातून घरी निघालेल्या गुणवंतरावांचा आवाज आला, "स्मिताचा फोन नाही आला, म्हणजे पाणी कमीच हाय. चाललो मी."

माझ्या गप्प राहण्यावर त्यांनी भरवसा ठेवला होता. मला धडकी भरली.

इतक्यात देवकाबाई खोपडीतून धावत आल्या. मोबाइलवर ताई ओरडत होत्या, "आई, दोनदा निरोपच नाही आला! बोर्डाले काय केलं?"

"माकडं ओढून राहिले होते ना बाई, म्हणून डब्यात ठेवला."

"झाकण काढ! अन् आधी बाबाले थांबव!"

देवकाबाई पलीकडे पाहून ओरडल्या, "अहो, उतरू नका! मागं व्हा!"

गुणवंतरावांचा एक पाय पाण्यात होता. तो त्यांनी मागे घेतला आणि त्याच जागेवरून बाभळीचे अख्खे खोड वाहत गेले. देवकाबाईंनी झाकण काढले. माझा निरोप तेव्हा कुठे निघाला.

आता मी प्लॅस्टिकच्या डबीत राहतो. टॉवरने उत्तर द्यायला क्षणभर उशीर केला, तरी अजून भीती वाटते. मित्रांनो, आमची काळजी जरूर घ्या, पण झाकण्याआधी एकदा विचारा. आणि आम्ही गप्प आहोत म्हणजे सारे ठीक आहे, असे समजू नका. त्या दुपारी मी गप्प नव्हतो. मी ओरडत होतो.